पाचवी मागणी

टॅगचं पत्र्याचं टोक कुठेतरी गळून पडलं होतं, आणि उरलेला हिरवा दोरा फाइलीच्या भोकातून काही केल्या जात नव्हता — मालविकाने तो ओठांत धरून ओला केला, चिमटीत पिळला, सुईत ओवावा तसा भोकाशी नेला, आणि ऐन तोंडाशी येऊन तो पुन्हा विसकटला. एकतीस वर्षं. एकतीस वर्षं नगरपरिषदेच्या सभा शाखेत काढली, दहा मुख्याधिकारी आले नि गेले, नगराध्यक्ष तर मोजलेही नाहीत, आणि अजून आपण थुंकी लावून दोरा ओवतोय... तिने फाइल उताणी केली, बॉलपेनच्या टोकाने दोरा आत ढकलला, आणि तो एकदाचा गेला. गाठ मारली ती उलटी बसली, सोडून पुन्हा मारावी लागली. सकाळचा चहा झाला नव्हता, त्यामुळे असेल.

चहा झाला होता. दोनदा झाला होता.

फाइलीवर तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं — ‘राज्य शासनाकडे करावयाच्या कायदेविषयक मागण्यांचा प्राधान्यक्रम ठरविणेबाबत.’ मुंबईचं अधिवेशन तोंडावर आलं होतं, आणि आमदारांच्या मनात आलं होतं की आपल्या या तालुक्याच्या गावाला कुठले कायदे बदलून हवेत ते गावालाच विचारावं. विचारावं म्हणजे त्यांच्या पीएने फोन करावा. ‘पाचच द्या,’ पीए म्हणाला होता, ‘सहावी मागणी साहेब वाचत नाहीत.’ तेव्हा लातूर-नांदेड रस्त्यावरच्या या गावाचे बावीस नगरसेवक — चार वर्षं प्रशासकाच्या राज्यात घरी बसून नुकतेच निवडून आलेले, अंगाला अजून गुलालाचा वास — आज अकरा वाजता जमणार होते आणि महाराष्ट्राने काय करावं ते ठरवणार होते.

ठरवणार होते, हे आपलं म्हणायचं. अकराच्या सभेचं इतिवृत्त काल संध्याकाळीच टाइप होऊन फाइलीत बसलं होतं. ही लबाडी नव्हे, ही पद्धत. ती नोकरीला लागली तेव्हाच्या हेडक्लार्कने पहिल्याच आठवड्यात शिकवून ठेवलं होतं — ‘पोरी, सभा झाल्यावर इतिवृत्त लिहायला बसलीस तर येडी होशील. आधी लिहून ठेव, मग सभेला त्याच्या मागनं चालू दे.’ साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर... साधक कोण, बाधक कोण, देव जाणे. सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांपुरत्या जागा रिकाम्या ठेवायच्या, आणि सभेत जो मोठ्याने खाकरेल त्याचं नाव सूचक म्हणून भरायचं. सदस्य येत, हजेरीच्या वहीत सह्या करीत, चिवड्याच्या प्लेटा येईपर्यंत बसत, आणि आपण काय मंजूर केलं ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचत. मालविकाच्या हातात काही नव्हतं. ती फक्त लिहिणारी. ‘मी फक्त लिहिणारी हो’ — हे वाक्य ती इतक्या वर्षांत इतक्या जणांना म्हणाली होती की आता ते तिला स्वतःच्या नावासारखं वाटे.

पण काल संध्याकाळी पाचवी मागणी तिने स्वतः घातली होती. कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे जागा रिकामी होती. पहिल्या चार मागण्या वरून आल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या आड कोण बसलंय ते तिला झाकल्या डोळ्यांनी सांगता आलं असतं. नगरसेवकांचं मानधन वाढवावं, यामागे बावीसच्या बावीस. नगराध्यक्षाला मुदतीच्या आत कुणी खुर्चीवरून हलवू नये, यामागे खुद्द नगराध्यक्ष बापूसाहेब. दोनापेक्षा जास्त मुलं असणाऱ्याला निवडणूक लढवू न देणारी अट काढून टाकावी, हिच्या आड बाजारपेठेच्या वॉर्डातला श्रीमंत नावाचा नगरसेवक — त्याचा तिसरा मुलगा कागदोपत्री भावाचा म्हणून वाढत होता, आणि शाळेत बापाचं नाव विचारलं की तो पोर आधी आईकडे बघायचा. चौथी गुंठेवारीचे बेकायदा प्लॉट कायदेशीर करण्याची, तिच्यामागे ज्यांचे असे प्लॉट होते ते सगळे. चार झाल्यावर मुख्याधिकारी — पुण्याकडचा तरुण, नाकासमोर बघून चालणारा — घड्याळ बघत म्हणाला होता, ‘पाचवी काहीतरी जनसामान्यांची घाला ना मॅडम. बरी दिसेल.’

आणि मालविका सहा वाजेपर्यंत बसली होती. ‘नगरपरिषदेच्या रोजंदारी कामगाराचा नगरपरिषदेच्या जागेत अपघाती मृत्यू झाल्यास, तो त्या वेळी कामावर होता अगर नव्हता हे न पाहता, त्याच्या एका वारसास सेवेत घेणेबाबत कायद्यात तरतूद करण्यात यावी.’ एकतीस वर्षांत तिने हजारो वाक्यं टाइप केली, सगळी दुसऱ्यांची. हे तेवढं तिचं. ‘हे न पाहता’ या तीन शब्दांपाशी ती फार वेळ थांबली होती. ते काढून बघितले, परत घातले. ते नसतील तर वाक्याला अर्थ नाही, आणि ते असतील तर... कुणी काही बघायला जाणार नाही.

ती प्रसाधनगृहाकडे जायला म्हणून बाहेर आली, तर पाणीपट्टीच्या खिडकीसमोरच्या बाकावर कोंडाबाई बसलेली. तिला बघताच उठली. मालविकाला हे उठणं सोसत नसे. दोन वर्षं ती बाई हिला बघून उठतेय.

‘म्याडम, आज हाय म्हनं आमचं?’

‘आहे. पाचवं आहे.’

‘पाचवं म्हंजी लई मागं हाय का?’

‘नाही हो. पाचात आहे म्हणजे आहे. बसा तुम्ही.’

‘तुमीच केलाव,’ कोंडाबाई म्हणाली. ‘न्हाई तर कोन करायलंय आमचं?’

कोंडाबाई ही बसलिंगप्पाची बायको. बसलिंगप्पा चौदा वर्षं रोजंदारीवर गावाला पाणी सोडायचा. गावाला नवव्या दिवशी पाणी. कुठल्या गल्लीचा वार, म्हणजे पाण्याची पाळी, कधी, कुठला व्हॉल्व्ह किती वेढे फिरवायचा, हे त्याला तोंडपाठ होतं, आणि रस्त्यातून सायकलवर चालला की बायका भाजी निवडायची टाकून विचारायच्या, ‘बसलिंगप्पा, आमचं कधी?’ दोन वर्षांमागे एका रविवारी सकाळी विहिरीवरच्या मोटारघरात स्टार्टरचा शॉक लागून तो गेला. कामावर असताना रोजंदारी माणूस गेला तर त्याच्या घरातल्या एकाला कामावर घ्यायचं, असा नगरपरिषदेचा जुना ठराव होता — मालविकानेच कधीकाळी टाइप केलेला. पण रविवार बसलिंगप्पाच्या सुट्टीचा. रविवारी पाणीच सुटत नसे. तेव्हा तो कामावर नव्हता, आणि म्हणून त्याच्या शिल्पाला नोकरी नाही. शिल्पा बारावी झालेली. लातूरला क्लासच्या पोरींच्या होस्टेलात पोळ्या लाटायला जाते, दोन वेळच्या मिळून आठशे पोळ्या. चुलत्यांनी तिच्यासाठी उदगीरकडचं एक स्थळ आणून ठेवलंय — बिजवर, दोन लेकरांचा बाप. नोकरी लागली तर पोरगी वाचेल. न लागली तर पाडव्याला अक्षता. हे सगळं कोंडाबाईने मालविकाला सांगितलेलं. कारण मालविकाम्याडम ऐकून घेतात. नगरपरिषदेत ऐकून घेणारी तेवढी एकच.

ऐकून घेते... ऐकल्याशिवाय सुटका कुठे आहे मला?

त्या रविवारी माझ्या होणाऱ्या सुनेच्या, मुग्धाच्या घरचे येणार होते. आमच्या अनिमेषने पुण्यात मुलगी ठरवली होती, आणि तिचे आईवडील घर बघायला येत होते; रात्रीच्या गाडीने लातूर, तिथून आठ वाजता दारात. पाण्याचा सातवा दिवस होता. टाकीत तळाला वीतभर. आलोक, माझा नवरा, म्हणाला, टँकर बोलवू. टँकर! म्हणजे व्याही रिक्षातून उतरणार ते टँकरच्या पाइपावर पाय देऊन! त्यांच्याकडे चोवीस तास नळ, आणि आपण त्यांना बादली मोजून द्यायची, ‘एवढ्यात आंघोळ उरका’ म्हणून? मी त्या पहाटे अंधारात टाकीचं झाकण उघडून बॅटरी आत धरली होती, आणि त्या वीतभर पाण्यात माझं तोंड दिसलं होतं, आणि मला इतकी लाज वाटली होती — गावाची, नवव्या दिवसाची, स्वतःची — की पावणेसहाला मी फोन लावला.

‘बसलिंगप्पा, सुट्टी ना आज तुमची?’

‘हाव म्याडम. बोला की.’

‘अर्धा तास आमच्या लाइनीला सोडाल का हो? पाहुणे येताहेत.’

‘हाव, सोडतो. त्यात काय.’

एवढंच. साडेसहाला नळ फुसफुसला आणि पाणी आलं. पिंप भरलं, टाकी भरली, अर्धा तास झाला तरी पाणी चालूच — पाऊण तास, तास — गल्लीत आनंदीआनंद. कुणी स्कूटर धुतली, कुणी अंगण, समोरच्या जगदेवीकाकूंनी रजया भिजवल्या. ‘दिलदार माणूस बाई बसलिंगप्पा,’ असं मी मोठ्याने म्हणाले. पाहुणे आले, मनसोक्त आंघोळी केल्या, मुग्धाचे वडील डोकं पुसत म्हणाले, ‘मराठवाड्यात पाणी नाही म्हणतात, इथे तर धो धो आहे!’ आणि मी हसले. साडेआठला पाणी रस्त्यावरून वाहत कोपऱ्यावर गेलं. पाणी बंद करायला कुणीच नव्हतं, म्हणून ते चालू होतं. सव्वानऊला ऑफिसातून फोन आला तेव्हा पोह्यांच्या बशा भरायच्या होत्या. ‘ऑफिसचं काहीतरी,’ असं पाहुण्यांना सांगून मी मुग्धाच्या आईला आग्रह करून आणखी वाढलं... वाढलं.

पुढचं सगळं कागदावर आहे. तेव्हाचे मुख्याधिकारी सांगत गेले आणि तिने टाइप केलं: ‘सदर इसम सुट्टीच्या दिवशी, कोणाच्याही आदेशाशिवाय, स्वतःच्या मर्जीने मोटारघरात गेला.’ मध्येच थांबून त्यांनी विचारलं होतं, ‘कुणी बोलावलं होतं का हो त्याला?’ अगदी सहज, पंख्याकडे बघत. ‘माहीत नाही साहेब.’ बसलिंगप्पाचा मोबाइल खिशातल्या खिशात जळून गेला होता. कोंडाबाईचा जबाबही मालविकानेच घेतला. ‘सकाळी कुनाचा तरी फोन आल्ता. हाव, सोडतो म्हनला, आन् च्या ठिवून गेला.’ — ‘फोन कोणाचा होता?’ — ‘ते न्हाई सांगितलं.’ मालविकाने लिहिलं, ‘फोनबाबत माहिती नाही,’ आणि कोंडाबाईचा अंगठा शाईत धरून कागदावर टेकवला. अंगठा गार होता.

आलोकला माहीत होतं. फोन केला तेव्हा तो शेजारी उभा होता. त्याने त्यानंतर या विषयावर एक अक्षर काढलं नाही. माणसाने अबोला धरला तर निदान भांडता तरी येतं. आलोक बोलायचा, भाजी काय आणू, गॅस संपत आला, अनिमेषचा फोन आला होता. त्याचं ते साधं बोलणं ऐकताना तिला वाटे, हा कुठल्याही वाक्यानंतर थांबेल आणि विचारेल. दोन वर्षं झाली, तो थांबला नाही.

अकराची सभा सव्वाबाराला भरली. उन्हाळा अजून लागायचा होता, पण सभागृहाचे पंखे फुल करून सदस्य बसले, विशेषतः कडक इस्त्रीचे कपडे घातलेले. बापूसाहेब मध्ये, त्यांच्या उजव्या हाताला मुख्याधिकारी, आणि भिंतीच्या कडेला छोट्या टेबलाशी फाइल पुढ्यात घेऊन मालविका. विषय वाचून झाला की बापूसाहेब ‘मंजूर?’ म्हणत आणि बावीस तोंडांतून एक हुंकार येई, ही रीत. आज मात्र त्यांनी खिशातून चष्मा काढला. दुसरी मागणी स्वतःच्या खुर्चीची असल्यामुळे ती शब्दन् शब्द बरोबर आहे ना, हे त्यांना बघायचं होतं; आणि चष्मा चढवलाच आहे तर उरलेलं वाचून टाकू, असं त्यांना वाटलं असावं. एकतीस वर्षांत सभेत कागद वाचणारा नगराध्यक्ष मालविका पहिल्यांदा बघत होती.

मानधनावर कुणी बोललं नाही. खुर्चीच्या मागणीवर दोघे हसले, तेही मान खाली घालून. तिसऱ्या मागणीला श्रीमंत मोबाइलमध्ये डोकं घालून बसला, आणि ती मंजूर झाली तेव्हा त्याचे खांदे जरा खाली आले. मग बापूसाहेबांचं बोट पाचवीवर आलं नि थांबलं.

‘ही कुनाची?’

‘ती जनसामान्यांची, सर,’ मुख्याधिकारी म्हणाला, आणि सभागृह हसलं.

‘बसलिंगप्पाच्या घरच्यासाठी असंल,’ श्रीमंत म्हणाला. ‘त्याची बायको निवडणुकीत मला बी भेटली होती. करतो म्हनलो होतो मी.’

‘आरं मग त्याला मुंबईचा कायदा कशाला पायजे?’ बापूसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘आपला जुना ठराव हाय की. कामावर होता एवढं दाखवा, पोरीला उद्या कामावर घेतो. मी सही करतो. बाप दाखव न्हाई तर श्राद्ध कर, सोपं हाय.’

‘अहवालात तो कामावर नव्हता, सर. सुट्टी होती.’

‘सुट्टीच्या दिशी मोटारघरात काय झोपायला गेल्ता? कुणीतरी बोलावलं असंल. फोन आल्ता म्हनत होती ती बाई. आपल्या माणसानं बोलावलं म्हंजी तो आपल्या कामावरच होता, वकील बी हेच सांगंल.’ त्यांनी बावीस जणांवरून नजर फिरवली. ‘कुनी केल्ता फोन? खरं सांगा, कुनी फाशी देत न्हाई.’

मग एक जण म्हणाला, ‘मी न्हाई बा,’ आणि एकदम सगळे सुटले. ‘माझ्याकडं तर बोअर हाय.’ ‘आमचा वार तर शनिवारीच झाल्ता.’ ‘बापूसाब, तुमच्याच गल्लीत लई लग्नं होती त्या महिन्यात!’ हशा. बापूसाहेबही हसले. त्या खोलीत असा एकही माणूस नव्हता ज्याने कधी ना कधी, वार नसताना, बसलिंगप्पाला फोन केला नव्हता — बारशाला, तेराव्याला, नुसतं ‘सासूबाई आल्यात’ म्हणूनसुद्धा — आणि त्या सगळ्यांना तो ‘हाव, सोडतो’ म्हणाला होता. म्हणून तर सगळे इतके मोकळे हसत होते. आपला फोन तो नव्हता, या एका गोष्टीचं ते हसणं होतं. मालविकाला ते कळलं, आणि तिला त्या बावीस जणांचा हेवा वाटला. एका सकाळचा तर फरक. त्यांचा बसलिंगप्पा घरी परत गेला होता.

‘म्याडम,’ बापूसाहेबांनी हाक मारली. ‘तुमी जुन्या मानूस. तुमाला काय माहिती हाय?’

सभेत लिपिकाने बोलायचं नसतं. एकतीस वर्षं ती या भिंतीशी बसली आणि तिला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. तिने मनातल्या मनात उत्तर तयार ठेवलं होतं ते विचारलंच जाणार नाही या भरवशावर. आता शब्द छातीपर्यंत आले होते. माझा होता. दोनच शब्द. कुणी फाशी देत नाही. नोकरी जाईल का? नाही जाणार. पेन्शन? नाही. अहवाल खोटा टाइप केल्याबद्दल एखादी नोटीस, थोडी कुजबुज, मुग्धाच्या घरी पुण्यात कळेल — ‘त्या आंघोळीच्या पाण्यासाठी?’ — आणि बाहेर बाकावर बसलेली ती बाई... त्या बाईचं तोंड. बाकी सगळं परवडलं असतं. तिने मान वर केली. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि कुणाच्याही डोळ्यांत संशय नव्हता. संशयाचा एक कण जरी असता तरी ती बोलली असती, असं तिला मागाहून वाटलं.

‘रेकॉर्डवर काही नाही, साहेब,’ ती म्हणाली.

आणि ते खरं होतं. रेकॉर्ड तिनेच लिहिलं होतं.

‘मग राहू द्या पाचवी,’ बापूसाहेब म्हणाले. ‘कायदा होईल तवा होईल. मंजूर?’ हुंकार उठला. श्रीमंत मोठ्याने खाकरला, आणि तिने सूचकाच्या रिकाम्या जागेत त्याचं नाव लिहिलं.

चिवडा झाला, पांगापांग झाली. रिकाम्या सभागृहात ती उरलेली नावं भरत बसली, आणि पुढचा सगळा प्रवास तिला आपल्या गल्लीच्या रस्त्यासारखा समोर दिसला: हे पत्र आमदारांकडे, तिथून एक भाषण, भाषणातून एक टिपण, टिपणावरून खात्याचा कागद, आणि तो ‘अभिप्रायार्थ’ म्हणून दीड वर्षाने फिरून याच टेबलावर. अभिप्राय कोण लिहिणार? मालविकाच. ‘हे न पाहता...’ काल संध्याकाळी तिला वाटलं होतं, आपण कोंडाबाईचं ऋण फेडतोय. छान वाटलं होतं. घरी जाताना तिने गजरासुद्धा घेतला होता. आता ते वाक्य समोर उघडं पडलं होतं. बारा कोटी माणसांच्या राज्याने कायदा बदलावा, विधानसभेने हात वर करावेत, राज्यपालांनी सही करावी — कशासाठी, तर नगरपरिषदेतल्या एका बाईला दोन शब्द बोलवत नाहीत म्हणून. आणि जे मुंबईहून मागायचं होतं ते इथे, या खोलीत, पंधरा मिनिटांपूर्वी एक माणूस हातात धरून बसला होता. पोरीला उद्या कामावर घेतो. मी सही करतो. हा म्हातारा चोर आहे, खुर्चीला चिकटलेला आहे, पण या बाबतीत त्याने सही केली असती.

मालविका खाली आली तोवर श्रीमंतने कोंडाबाईला मधोमध उभी करून फोटो काढून घेतला होता, आणि दोन कार्यकर्ते तो कुठे टाकायचा यावर बोलत निघून गेले होते. कोंडाबाईचा पदर अजून डोक्यावर नीट होता, फोटोसाठी घेतलेला. मालविकाला बघून ती उठली.

‘झालं म्हनं, म्याडम.’

‘झालं.’

‘किती दिस लागतील?’

मालविकाने खरं सांगितलं. एवढं तरी खरं सांगावं म्हणून सांगितलं. ‘वर्ष, दोन वर्षं. जास्तही लागतील.’

कोंडाबाईने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. पाडवा सव्वा महिन्यावर होता, ते दोघींनाही माहीत होतं. मग ती हळूच म्हणाली, ‘बापूसाब आत्ता जाता जाता म्हनले, फोन कुनाचा ते कळलं तर उद्याच हुईल म्हनं काम.’

‘हो. म्हणाले ते.’

‘आता कुटं कळायचं?’ कोंडाबाईने पिशवी उचलली. ‘म्या त्या मानसाला लई शिव्या दिल्या म्याडम, पहिलं वरीस. रोज. आता न्हाई देत. मला वाटतं, त्यो बी मेला असंल.’

‘कोण?’

‘ज्यानं फोन केल्ता त्यो. जिता असता तर बोलला नसता का? मानूसच हाय की.’

ती बाकाच्या कडेने पुढे गेली. मालविकाला एकदम संताप आला — स्वतःचा नव्हे, स्वतःचा तर रोजचाच — तिला कोंडाबाईचा संताप आला. ही बाई अशी कशी? दोन वर्षं माझ्या टेबलाशी येते, माझ्याच तोंडाकडे बघत बोलते, आणि हिला एकदाही वाटू नये? त्या मोटारीच्या लाइनीवर तीन तर गल्ल्या आहेत, त्यातली एक माझी. विचार ना. वळ आणि विचार, म्याडम, त्या दिवशी तुमच्याकडे पाहुणे होते का? एकदा विचार, मग मी खोटं बोलणार नाही, आईशप्पथ बोलणार नाही... जी माणसं असा विश्वास ठेवतात ती दुसऱ्याला कुठे नेऊन सोडतात, याची त्यांना कल्पना नसते. कोंडाबाई पायऱ्या उतरली, फाटकाशी थांबली, चप्पल झटकली, आणि लातूरची एस.टी. गाठायला स्टँडच्या दिशेने वळली. पोरीला सांगायला निघाली होती.

मालविका बाकापाशी उभी राहिली. मागे पाणीपट्टीच्या खिडकीत कुणीतरी विचारत होतं, आमचा वार कधी. तिच्या मनात एक विचार आला आणि तो विचित्र होता, पण स्वच्छ होता: तो कायदा होऊ नये. कधीच होऊ नये. तो झाला तर तिला बोलायचं काही कारणच उरणार नव्हतं, आणि मग कोंडाबाईला तो फोन करणारा वाटतो तशी ती खरंच मेलेली ठरली असती. म्हणजे तो झाला नाही, तर आपण बोलू? तिने स्वतःला विचारून पाहिलं. आतून कुणी ‘हाव’ म्हटलं नाही.